पाणफड्याच्या गावातलं जागरण

सुवर्णा विरकर पहाटे डोंगरावरून खाली आली ती चिडूनच. वरच्या रांगेतल्या एका फड्याचा तुकडा कापून, काटे खरवडून तिनं जिभेवर ठेवला होता आणि तो सपक लागला होता. पाणफडा पहाटे आंबट लागला की रात्र नीट गेली असं समजायचं. सपक लागला की कुणीतरी दिवा लावला. चिलारवाडीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, आणि तरी दर आठवड्याला कुणीतरी दिवा लावतच होतं.

"खालच्या आळीत रात्री काय झालं?" घरात शिरता शिरता तिनं विचारलं.

तिचा नवरा हणमंत शेगडीपुढे उभा राहून चहा करत होता. तो नुकताच उठला होता आणि ती आता झोपणार होती. गेली नऊ वर्षं या घरातला सकाळचा चहा असाच व्हायचा. त्याच्या दिवसातला तो पहिला असायचा आणि तिच्या दिवसातला शेवटचा.

"भामाबाईची म्हैस व्याली. रेडकू आडवं आलं व्हतं म्हणं. उजेडाबिगर कसं काढायचं?"

"घरटी हिरवी बॅटरी दिली हाय ती कशाला?"

"हिरव्या उजेडात रगत काळं दिसतं, सुवर्णे. माणूस घाबरतं."

"घाबरतं म्हणून सगळ्या गावानं चार दिवस कोरडं ऱ्हायाचं का?" ती म्हणाली. पण आवाजात जोर नव्हता. तिला झोप आली होती. कप तोंडाला लावणार तेवढ्यात हणमंतनं, उद्या भाजीला काय करायचं असं विचारावं तशा आवाजात सांगितलं, "स्वराजच्या लग्नाचं जागरण आपल्याच अंगणात करायचं. रीतसर. रातभर, दिवटी लावून."

सुवर्णानं कप खाली ठेवला.

"डोकं ठिकाणावर हाय ना तुमचं?"

"ठिकाणावर हाय म्हणूनच आधी सांगतोय," हणमंत म्हणाला आणि शेळ्यांकडे निघून गेला.

पाणफडा काय आहे हे ज्याला माहीत नाही त्याला यात चिडण्यासारखं काय ते कळणार नाही. ते सांगायला हवं. सांगणाऱ्याला ते नीट साधेलच असं नाही.

फड्या निवडुंग आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. त्याची चपटी, मांसल पानं ही खरं तर पानं नव्हेत, ते खोड आहे. पानांचे काटे होऊन गेले. बाकीची झाडं दिवसा आपली बारीक छिद्रं उघडून हवा आत घेतात. निवडुंगानं तसं केलं तर तो उन्हात वाळून जाईल. म्हणून तो दिवसभर तोंड मिटून बसतो आणि अंधार पडला की छिद्रं उघडतो. रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड तो आम्लाच्या रूपात साठवतो आणि दुसऱ्या दिवशी ऊन आलं की त्याची साखर करतो. पहाटे फडा आंबट आणि संध्याकाळी सपक लागतो तो यामुळे. काही निवडुंगांच्या काट्यांना आणखी एक सवय असते. काटा टोकाला निमुळता आणि बुडाशी जाड असल्यामुळे धुक्याचा थेंब टोकावर धरला की तो आपोआप बुडाकडे सरकतो.

संशोधकांनी काय केलं, तर या दोन सवयी एकमेकींना बांधल्या. नव्या वाणात रात्री छिद्रं उघडली की काट्यांच्या बुडाशी एक बुळबुळीत चीक सुटतो. पावसाळ्यात डब्यातलं मीठ हवेतलं पाणी ओढून ओलं होतं, तसा हा चीक कोरड्या हवेतूनही पाणी ओढतो. पहाटेच्या गारठ्यात चीक आकसला की ते पाणी सुटतं. झाड आपली तहान भागवतं आणि उरलेलं फड्यावरच्या खाचेतून पन्हळीत ठिबकू देतं. पन्हळीतून टाकीत. एका फड्यातून तांब्याभरही पाणी मिळत नाही, पण चिलारवाडीच्या तिन्ही अंगांना डोंगर आहे आणि तो सगळा डोंगर फड्यांनी भरला होता. भरायला कष्टही पडले नव्हते. तोडलेला फडा मुरमाड जमिनीवर नुसता टेकवला तरी मूळ धरतो, आणि वर्ष-दोन वर्षांत त्याच्यावर फडे, फड्यांवर फडे. माणदेशातल्या त्या गावाचे टँकर बंद झाले. काटे भाजलेला फडा शेळ्यांना झाला, लाल बोंडांचं सरबत विकायला झालं, आणि गढूळ पाण्यात फडा फिरवला की गाळ तळाशी बसतो हे बायकांनी आपलं आपण शोधून काढलं.

अडचण एकच होती. सगळा कारभार झाडाच्या रात्रीवर चालायचा. मध्येच उजेड दिसला की झाडाला वाटायचं दिवस उगवला. छिद्रं मिटायची, चीक सुकायचा आणि झाडाचं घड्याळ जुळायला पुढच्या तीन-चार रात्री जायच्या. त्यातही ज्योतीचा उजेड सर्वांत वाईट, कारण त्यात तांबडा भाग फार. हिरवा उजेड झाडाला जवळजवळ दिसतच नाही, म्हणून हिरव्या बॅटऱ्या. हे वाण काढणाऱ्या संस्थेची माणसं दर वर्षी येऊन सांगून जायची की पुढच्या वाणात ही अडचण राहणार नाही. पुढचं वाण आलंही. त्याची बोंडं जास्त गोड होती.

म्हणून चिलारवाडीत दिवस मावळला की काळोख. जेवणं त्याआधी, अभ्यास त्याआधी, भांडणंसुद्धा शक्यतो त्याआधी. हा काळोख राखायला ग्रामपंचायतीनं सुवर्णाला नेमलं होतं. गावानं तिचं नाव काळोखबाई ठेवलं होतं आणि ते तिच्या तोंडावर म्हणायलाही कुणी लाजत नव्हतं. लग्नानंतर खंडोबाचं जागरण घालायचं तर लोक जेजुरीला जायचे, नाहीतर लेकीच्या गावाला. भामाबाईनं दोन वर्षांपूर्वी हट्टानं स्वतःच्या अंगणात दिवटी लावली होती. तेव्हा सुवर्णा आत शिरली आणि तिनं ती फुंकर मारून विझवली. देवाची दिवटी शांत करायची असते, विझवायची नसते, आणि फुंकर तर कुणी मारतच नाही. गाव अजून त्या फुंकरीबद्दल बोलायचं.

आणि आता हणमंतला स्वतःच्या अंगणात दिवटी हवी होती.

स्वराज पुण्याहून आला तेव्हा त्याला वाटलं, आपण शिकलोय तर तोडगा आपण काढावा. होणाऱ्या बायकोला, म्हणजे ईश्वरीला, त्यानं फोनवर सांगूनही टाकलं की सगळं मिटलंय. डाळिंबावर फवारायला आणलेलं मोरचूद घरात होतंच.

"आई, तांब्याचा क्षार ज्योतीत जळला की ज्योत हिरवी होते. दिवटीच्या तेलात मोरचूद घालायचं. देवाला दिवटी मिळाली, झाडाला हिरवा उजेड मिळाला."

सुवर्णाचं झोपेनं डोकं भणभणत होतं, तरी दुपारी गोठ्यातला अंधारा कोपरा बघून तिघं बसली. स्वराजनं चिंधी तेलात भिजवून निळी पूड चोळली आणि काडी लावली. चिंधी तडतडली. कडेला क्षणभर हिरवी झाक आली, मग तेलानं आपला नेहमीचा पिवळाधमक, काजळी सोडणारा जाळ धरला आणि गोठा धुरानं भरला. शेळ्या शिंकायला लागल्या.

"स्पिरिटमध्ये झाली असती," स्वराज खोकत म्हणाला.

"खंडोबाला स्पिरिटची दिवटी," सुवर्णा म्हणाली. "लई शिकलास बाबा."

हणमंत हसत होता. ते तिला अजिबात आवडलं नाही. या माणसानं गावाच्या पाण्याला हात घातलाय आणि वर हसतोय.

संध्याकाळ व्हायच्या आत तिचे थोरले दीर शामराव आले. ते सरपंचही होते, त्यामुळे ते दीर म्हणून आलेत की सरपंच म्हणून हे नेहमीच जरा उशिरा कळायचं.

"सुवर्णाबाई, एवढा जिवाला घोर कशाला लावून घेता? नऊ वर्षं गावासाठी राबलात. एक रात तुमची. मी फळ्यावर लिहितो, ‘देखभालीसाठी चार दिवस पाणी बंद’. दोन टँकर मागवू. विषय संपला."

"भामाबाईच्या वेळी देखभाल का नाही निघाली?"

"ती येगळी गोष्ट."

"कशी येगळी?"

शामरावांनी भावाकडे पाहिलं. हणमंत दोरी वळत होता, त्यानं मान वर केली नाही. "आता तुमच्या लक्षात येत नसलं तर काय सांगायचं," असं म्हणून शामराव उठले.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी भामाबाई भेटली. सुवर्णाला पाहून तिनं कळशी मुद्दाम सावकाश भरली.

"ऐकलं मी. लाव गं दिवटी, मी काय बोलायची न्हाई. चार दिवस पाणी नसलं तर नसलं."

"मी लावणार नाही."

"तुझ्या मालकानं ठरवलंय म्हणत्यात. लावू दे त्याला. माझं एवढंच म्हणणं हाय, मग मला तुझ्या अंगणात येऊन एक फुंकर मारू दे."

टाकीवरच्या बायका खाली मान घालून हसल्या. सुवर्णा रिकामी कळशी घेऊन परत आली, हे तिला घरी आल्यावर कळलं.

त्या दुपारी तिला झोप लागली नाही. अंथरुणात वळवळून कंटाळल्यावर ती उठली आणि थेट मागच्या परड्यात गेली. हणमंत गॅसच्या जाळावर फड्यांचे काटे भाजत होता. काटे चरचरत पेटायचे आणि फड्यावर काळा ठिपका उरायचा.

"जेजुरीला शेवटचं कधी गेला होता तुम्ही?"

हणमंतनं आठवून पाहिलं. "स्वराज पोटात असताना."

"घरात देवापुढं हात जोडलेले मी कधी बघितले नाहीत तुमचे. मग हे मधीच काय शिरलंय अंगात? माझी गावात काय शोभा झाली ती कळतीय का तुम्हाला? दिवटी लावली तर मी खोटी, न लावू दिली तर नवऱ्याला देव करू देत नाही म्हणून वाईट. कुठून बी मीच."

हणमंतनं चिमट्यानं फडा उलटा केला.

"जागरणाला पोराच्या आईबापानं जोडीनं बसायचं असतं," तो म्हणाला. "गाठ मारून. उजाडंस्तवर."

"मला नका शिकवू."

"मधी उठायचं नसतं."

"म्हाईत हाय म्हटलं ना."

"उठायचं नसतं," त्यानं पुन्हा सांगितलं. तो तिच्याकडे बघत नव्हता.

सुवर्णाला कळायला जरा वेळ लागला. ती अंधार पडता निघायची तेव्हा तो जेवून आडवा झालेला असायचा. ती यायची तेव्हा तो उठायचा. दोघांमध्ये तो एक चहा होता, आणि त्यातही रात्री कुणी दिवा लावला हेच बोलणं. तिला भरून वगैरे आलं नाही. आला तो संतापच.

"एवढ्यासाठी सगळ्या गावाचं पाणी तोडायला निघाला होता?"

"एवढ्यासाठी म्हण."

"तोंडानं सरळ सांगायला काय झालं होतं?"

"सांगितलं असतं तर म्हणाली असतीस, इतवारी दुपारी बसू की."

ती नेमकं हेच म्हणणार होती. रविवारी दुपारी ती झोपायची आणि तो डाळिंबात असायचा, हे दोघांनाही ठाऊक होतं.

"मग दिवटीचं काय काम हाय?" ती शेवटी म्हणाली. "बसायचंच हाय ना? अंधारात बसू."

"अंधारात कुठं जागरण असतं का?"

"मी नऊ वर्षं अंधारातच करतीय."

हणमंतच्या चिमट्यातला फडा जास्त भाजून करपला तरी त्याच्या लक्षात आलं नाही.

गेनबा वाघे पिढीजात वाघ्या. पंचक्रोशीतली जागरणं त्याच्याशिवाय होत नसत. त्यानं दोघांचं सगळं ऐकून घेतलं आणि कानाला हात लावला.

"दिवटीबिगर देवानं कुणाच्या तोंडाकडं बघून यायचं?"

"दिवस असतानाच दिवटी लावायची," हणमंत म्हणाला. आता तो तिच्या बाजूनं बोलत होता आणि ते त्याला नीट जमत नव्हतं. "देवाला बोलवायचं, बसवायचं. दिवस बुडायच्या आत दिवटी शांत करायची. उजाडल्यावर परत लावायची आन् मग लंगराची साखळी तोडून जागरण उठवायचं."

"आन् मधल्या रातीचं काय?"

"मधी देव बसंल की आमच्यासंगं."

"मुरळीचा नाच कोण बघणार? घुबडं?"

"तुमचा आवाज तर ऐकू येईल ना, गेनबामामा?" सुवर्णा म्हणाली. "का आवाजाला बी उजेड लागतो?"

गेनबाला ते लागलं. आपल्या आवाजाबद्दल तो फार हळवा होता. "सूर्य नसला म्हणून काय झालं," तो पुटपुटला, "माझा सूर काय कुणाच्या बॅटरीवर चालत न्हाई," आणि तयार झाला.

शामराव मात्र तयार झाले नाहीत. लग्नाला आले, अक्षता टाकल्या, आणि जागरणाच्या दिवशी अंगणात ताटं मांडलेली असताना उठले. "देवाला काळोखात बसवणारं घर माझं न्हवं," एवढं बोलून ते न जेवता गेले. हणमंत दारापर्यंत त्यांच्यामागे गेला आणि तिथंच थांबला. भाऊ वळून बघेल असं त्याला वाटलं असावं. ते वळले नाहीत. सुवर्णानं त्यांचं ताट झाकून ठेवलं, आणि मग कुणी खाणार नाही हे कळल्यावर उचललं.

रात्रीच्या फेरीचा प्रश्न राहिला होता. नऊ वर्षांत सुवर्णानं सुट्टी घेतली नव्हती आणि कुणाला फेरी सोपवलीही नव्हती. ती हिरवी बॅटरी घेऊन भामाबाईच्या दारात उभी राहिली.

"ह्ये काय?"

"आजची रात तू बघ."

भामाबाईनं बॅटरी हातात घेऊन उलटीसुलटी केली. "आन् मी तुझ्याच अंगणात आले तर?"

"ये. मी बसलेली असणार."

"फुंकर मारायला दिवटी नसणार म्हण की," भामाबाई म्हणाली. तिच्या तोंडावरून ती रागावलीय की हसतेय ते समजत नव्हतं. पण बॅटरी तिनं परत दिली नाही.

ऊन कलायला लागलं तेव्हा चौरंगाला जोंधळ्याची धाटं बांधली, तळी भरली, भंडारा उधळला. गेनबानं दिवटी पेटवून देवाला हाक मारली, मग तिच्यावर दूध शिंपडून तिला शांत केलं. नवरानवरी एका बाजूला, सुवर्णा आणि हणमंत दुसऱ्या बाजूला, तिच्या पदराची आणि त्याच्या उपरण्याची गाठ मारलेली. मग काळोख झाला आणि त्यात दिमडी वाजायला लागली.

चिलारवाडीचं माणूस काळोखात गोंधळत नाही, पण ईश्वरीच्या माहेरची माणसं उजेडातली होती. पहिलं पद संपायच्या आत त्यांच्यातल्या कुणीतरी मोबाईल काढला. पांढरा चौकोन लखकन उजळला.

"कोण हाय त्यो?" कुंपणापलीकडून भामाबाईचा आवाज आला. "सुवर्णे, तुझ्याच घरात?"

सुवर्णा सवयीनं उठायला गेली. पदर ताणला गेला.

"उठायचं नसतं," हणमंत शेजारून म्हणाला.

ती खाली बसली. मोबाईल विझला. भामाबाईनं कुंपणापलीकडून आणखी दोन शब्द ऐकवले, जे सुवर्णा एरवी लोकांना ऐकवायची तेच होते, फक्त जास्त तिखट. ते ऐकताना सुवर्णाला पहिल्यांदा वाटलं की आपण इतकी वर्षं फार काही गोड बोलत नव्हतो.

गेनबा खरंच गात होता. बघायला काही नव्हतं म्हणून सगळे ऐकत होते. मुरळीच्या हातातली घाटी कधी डावीकडे, कधी उजवीकडे वाजायची आणि ती कुठं नाचतेय ते आपण मनानं जुळवायचं. सुवर्णाला हणमंतच्या गुडघ्याची ऊब लागत होती. बोलावं काय, हे ती शोधत होती. इतक्या गोष्टी साठल्या होत्या की कुठून ओढावं ते समजेना. डोंगरावर गेल्या पावसाळ्यात तिनं तरस बघितला होता ते तिनं याला सांगितलंच नव्हतं. तिचा पाय घसरून ती फड्यांवर पडली होती आणि पाठीतले काटे तिनं आरशात बघून एकटीनं काढले होते, तेही.

"ऐकलं का," ती म्हणाली.

तिनं कान दिला. दिमडीच्या ठेक्याखाली आणखी एक ठेका चालला होता, सावकाश आणि जाड. नऊ वर्षं दिवस मावळला की आडवा होणारा माणूस गाठ मारलेल्या उपरण्यासकट बसल्या बसल्या झोपला होता.

तिनं कोपर मारलं. तो हुं म्हणाला आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकून जास्तच गाढ झोपला. या माणसानं भाऊ तोडला, गावभर तिची चेष्टा करवली, गेनबाला काळोखात गायला लावलं, ते सगळं जोडीनं जागायला. गेनबानं घोरणं झाकायला आवाज चढवला. पोरी तोंडावर पदर धरून हसत असणार, दिसत नव्हत्या एवढंच.

उठायचं नव्हतं, म्हणून ती बसून राहिली. तिला झोप येण्याचा प्रश्नच नव्हता. ही तिची जागायचीच वेळ होती. गेनबा दम घ्यायला थांबला आणि अंगण शांत झालं, तेव्हा तिनं सुरुवात केली. आधी तरसाचं सांगितलं. मग पाठीतल्या काट्यांचं. मग सासूबाई गेल्या त्या रात्री दिवा न लावता तिनं त्यांच्या तोंडात पाणी घातलं होतं आणि ते नीट तोंडात पडलं का बाहेर, हे तिला आजपर्यंत कळलं नव्हतं, ते सांगितलं. तो घोरत होता. ती एकेक गोष्ट संपवून पुढची काढत होती, मधूनच "ऐकताय ना" म्हणून त्याच्यावर डाफरत होती.

कुंपणापलीकडे पावलं थांबली.

"अगं, हळू बोल," भामाबाई म्हणाली. "उठंल त्यो."

"उठू दे," सुवर्णा म्हणाली. "त्याच्यासाठीच चाललंय हे सगळं."

असं म्हणाली खरी, पण पुढचं सांगताना तिनं आवाज खाली आणला.